विचारा बिनधास्त : दारावरचा ‘बंदूक नको’ बोर्ड

मागच्या अंकात टेक्ससला नवीन आलेल्यांसाठी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की इथे दुकानदाराला आपल्या दुकानात बंदूक नको असेल तर तो तसा बोर्ड लावू शकतो. एवढीच ओळ. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच देऊन टाकला. बहुतेक टेक्ससची, दोनचार बाहेरची. नावं मुद्दाम छापत नाहीये, गावं छापतेय. आणि आधीच सांगते, ही माहिती आहे, पोलीस-कोर्टाचं काही गळ्याशी आलं असेल तर सरळ वकील गाठा, माझ्या पत्राची वाट बघत बसू नका.

प्रश्न : ताई, माझं आयर्व्हिंगला किराणा दुकान आहे, मागे छोटा चाट काउंटर. लाल गोलात पिस्तूल आणि त्यावर तिरकी काट असा स्टिकर ऑनलाइन मागवून दारावर लावलाय. परवा एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं, चांगला माणूस आहे, खालच्या फळीवरून पोह्याचं पाकीट काढायला वाकला तर शर्ट वर सरकला आणि कमरेला पिस्तूल दिसलं. मी स्टिकरकडे बोट दाखवलं तर हसून म्हणाला, हा मला लागू नाही, माझ्याकडे लायसन्स आहे. खरंय का हे? की मला येडा समजला?

उत्तर : दादा, येडा नाही समजला, त्याचं खरंय. तुमच्या स्टिकरने लायसन्सवाला माणूस टेक्ससमध्ये अडत नाही. इथल्या पीनल कोडमध्ये, म्हणजे राज्याच्या फौजदारी कायद्यात, ३०.०६ नावाचं कलम आहे, लोक त्याला थर्टी-ओ-सिक्स म्हणतात, आणि त्यात बोर्डावर काय लिहायचं ते शब्द न् शब्द दिलंय. ‘अमुक कलमाखाली, अमुक कायद्याने परवाना मिळालेल्या माणसाने लपवलेलं पिस्तूल घेऊन या जागेत येऊ नये’ असा त्याचा मथितार्थ, पण मथितार्थ चालत नाही, कायद्यातलं वाक्य जसंच्या तसं पाहिजे. ते इंग्लिशमध्येही पाहिजे आणि स्पॅनिशमध्येही. अक्षरं ठळक, निदान एक इंच उंचीची, आणि मागच्या रंगावर उठून दिसणारी. शिवाय बोर्ड लोकांना सहज दिसेल असा लावलेला. आता एवढं लांबलचक वाक्य दोन भाषांत इंचाइंचाच्या अक्षरांत लिहायचं म्हणजे दाराचा बराचसा भाग त्यातच जातो, म्हणून तर पुष्कळ दुकानदार कंटाळून सोडून देतात.

आणि हे फक्त लपवून बाळगणाऱ्यांसाठी झालं. कमरेला उघड दिसेल असं पिस्तूल लावून फिरायला लायसन्सवाल्यांना १ जानेवारी २०१६ पासून परवानगी मिळाली, त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे, ३०.०७, त्याचा वेगळा बोर्ड, आणि तो मात्र प्रत्येक दाराशी लावायचा. मग १ सप्टेंबर २०२१ पासून राज्याने लायसन्सची सक्तीच काढून टाकली, म्हणजे ज्याला कायद्याने पिस्तूल बाळगायला मनाई नाही असा २१ वर्षांवरचा माणूस लायसन्स नसतानाही ते घेऊन फिरू शकतो, तर या बिनलायसन्सवाल्यांसाठी ३०.०५, तिसरा बोर्ड. या तिसऱ्याचं वाक्य त्यातल्या त्यात छोटं आहे. म्हणजे ‘माझ्या दुकानात कुणाचीच बंदूक नको’ असं नीट म्हणायचं तर तीन बोर्ड लागतात. काचेचं दार असेल तर गिऱ्हाइकाला आत दुकान उघडं आहे की बंद तेसुद्धा दिसायचं नाही!

गंमत अशी की ज्याने रीतसर ट्रेनिंग घेतलं, बोटांचे ठसे दिले, लायसन्स काढलं, त्याला अडवायला सगळ्यात कडक बोर्ड लागतो, आणि ज्याने यातलं काहीच केलं नाही त्याच्यासाठी नियम सैल आहेत, आत यायला मनाई आहे एवढं समजेल अशी साधी पाटीही तिथे कामाला येऊ शकते. तुमचा स्टिकर कदाचित तिथे टिकेल. पण कदाचितवर कशाला राहायचं.

हे शब्दांचं खूळ आलं कुठून ते थोडक्यात सांगते. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात लूबीज नावाच्या कॅफेटेरियात एक जण पिकअप ट्रक काच फोडून आत घेऊन आला आणि त्याने २३ माणसं मारली. सुझॅना ग्रेशिया हप नावाची बाई तिथे आईवडलांबरोबर जेवत होती. तिची रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होती, कारण तेव्हाच्या कायद्याने ती बरोबर बाळगता येत नव्हती. आईवडील दोघंही गेले. पुढे ती गावोगावी, विधिमंडळापुढे हेच सांगत राहिली आणि १९९६ ला स्वतःच आमदार म्हणून निवडून आली. परवाना घेऊन पिस्तूल बाळगण्याबाबतचं १९९३ चं विधेयक गव्हर्नर अॅन रिचर्ड्सने व्हेटो केलं होतं, १९९५ ला जॉर्ज बुश, म्हणजे धाकटे, गव्हर्नर झाल्यावर सही झाली आणि १९९६ पासून लायसन्स सुरू झाली. मग प्रश्न आला, दुकानदाराचं काय, त्याची जागा आहे ना? त्यासाठी १९९७ ला हे ३०.०६ आलं. दुकानदाराला हक्क दिला, पण मोठ्या अक्षरात सांगायची सक्तीही त्याच्यावरच टाकली. मला विचाराल तर बंदूकवाल्यांनी हे घासाघीस करून चांगलं पदरात पाडून घेतलंय, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर चुकीचंही नाही, दारावरच्या पन्नास स्टिकरांमधला एक दिसला नाही म्हणून चांगल्या माणसावर गुन्हा लागू नये हे म्हणणं बरोबरच आहे.

आता तुमच्या कामाचं. बोर्ड आणलात तर आधी फूटपट्टी घेऊन अक्षर मोजा. एका ओळखीच्या दुकानात बघितलं, हेडिंग चांगलं दोन इंचाचं आणि खालचं स्पॅनिश पाऊण इंचाचं, छापणाऱ्याने जागा पुरेना म्हणून दाबून बसवलेलं. पांढरी अक्षरं थेट काचेवर चिकटवू नका, उन्हात काहीच वाचता येत नाही, काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं घ्या. आणि दिवाळी आली की आपण सगळे काय करतो, मंडळाच्या कार्यक्रमाचं पोस्टर, फराळाच्या ऑर्डरचा कागद, कुणाच्या तरी कथक क्लासची जाहिरात, सगळं त्याच दारावर, आणि अर्धा बोर्ड त्याखाली गुडुप. मग ‘सहज दिसेल असा’ कुठे राहिला? दुकान दुसऱ्याकडून विकत घेतलं असेल आणि बोर्ड आधीपासूनचा असेल तर शब्दही तपासा, २०१६ च्या आधीच्या बोर्डावर परवान्याच्या कायद्याचं नाव वेगळं आहे, तो जुना झाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही केलंच नाहीत. तुम्ही बोट दाखवलं, तोंडाने काही बोलला नाहीत. टेक्ससमध्ये तोंडी सांगितलेलंही चालतं. ‘साहेब, माझ्या दुकानात पिस्तूल नको, गाडीत ठेवून या’ एवढं स्वतः म्हणालात की लायसन्स असो नसो, त्याला बाहेर जावंच लागतं. नुसत्या बोर्डाकडे दुर्लक्ष करून आत आला तर तो क्लास सी मिस्डेमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, जास्तीत जास्त २०० डॉलर दंड, म्हणजे जवळजवळ स्पीडिंगच्या तिकिटाच्या लायनीत. पण समोरासमोर सांगूनही हलला नाही तर तेच प्रकरण क्लास ए होतं, एक वर्षापर्यंत काउंटी जेल आणि ४००० डॉलरपर्यंत दंड. बघा, बोर्डाचे २०० आणि तुमच्या शब्दाचे ४००० आणि वर जेल. एक अपवाद लक्षात ठेवा, पोलीस. तो ड्यूटीवर नसला, साध्या कपड्यात भेळ खायला आलेला असला, तरी त्याला पिस्तूल बाहेर ठेव म्हणता येत नाही.

प्रश्न : तुमचं सगळं बरोबर असेल हो, पण मी काउंटरवर संध्याकाळी एकटी असते. बंदूकवाल्याला बाहेर जा म्हणून सांगायचं? मला नाही जमणार. (ह्यूस्टनजवळ, मिठाईचं दुकान)

उत्तर : काकू, मग नका सांगू. कायद्याने तुम्हाला हक्क दिलाय, ड्यूटी नाही लावलेली. माणूस शांतपणे काजू कतली घेऊन निघाला असेल तर जाऊ द्या, नंतर कधी दुकानात माणसं असताना, तो खुशीत असताना बोला. भांडायच्या मूडमध्ये असेल, दारू प्यालेला असेल, तर दाराच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, आत जाऊन ९११ लावायचा आणि ‘माणूस हत्यारासह आहे, आम्ही जायला सांगितलंय’ की ‘अजून सांगितलेलं नाही’ हे स्पष्ट सांगायचं, कारण पोलीस आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात. मालक तुम्ही नसाल तर मालकाशी आधीच ठरवून घ्या की दुकानाच्या वतीने कोण सांगणार, नाहीतर मुलगा म्हणतो असू दे आणि सासरे म्हणतात हाकला, आणि गिऱ्हाईक मध्ये उभं.

बोर्ड म्हणजे काही मेटल डिटेक्टर नाही. तो कायदा पाळणाऱ्यालाच अडवतो. लुटायला आलेला माणूस स्पॅनिश भाग वाचत थांबणार नाहीये. बोर्डाला विरोध करणारे हेच म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण माझा अनुभव असा की दुकानात पिस्तुलांवरून होणारी बहुतेक कटकट लुटारूंची नसतेच, ती चांगल्या घरच्या माणसांचीच असते, पार्किंगवरून जुंपलेली, रांगेत मध्ये घुसल्यावरून जुंपलेली, आणि तिथे कमरेला काही नसलेलं बरंच.

प्रश्न : आमचं शुगर लँडला रेस्टॉरंट आहे, बिअर-वाइन मिळते. दारू मिळते म्हणजे बंदुकीला आपोआप बंदी असेल ना? मग बोर्ड कशाला?

उत्तर : नाही हो, इथेच सगळे फसतात. आपोआप बंदी फक्त तिथे, जिथे ५१ टक्के किंवा जास्त कमाई तिथेच बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते, म्हणजे बार. त्यांना टीएबीसी, म्हणजे दारूच्या लायसन्सचं राज्याचं खातं, लाल रंगात भला मोठा ५१ टक्के लिहिलेला बोर्ड लावायला लावतं, आणि तिथे पिस्तूल घेऊन गेलात तर ती फेलनी आहे, म्हणजे गंभीर गुन्हा, २०० डॉलरवर सुटत नाही. तुमची कमाई थाळी-बिर्याणीतून, बिअर नुसती जोडीला. मग तुम्ही ५१ मध्ये बसत नाही, तुम्हाला बंदी हवी असेल तर वरचेच ३०.०६ वगैरे. उगाच जोर यावा म्हणून ५१ चा लाल बोर्ड कुणाकडून आणून लावू नका.

उघड पिस्तूल नको पण लपवलेलं असलं तर असू दे, असा मधला मार्गही पुष्कळांनी काढलाय. एच-ई-बीचंच बघा, भाजी आणायला आपण सगळे जातो तिथे, त्यांच्याकडे उघड बाळगायला मनाई, लायसन्सवाल्याने झाकून आणलं तर हरकत नाही. फॅमिली रेस्टॉरंटला हे बरं पडतं, पोरं घाबरत नाहीत आणि भांडणही होत नाही.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर ऑस्टिनला आहे. ऑफिसमधले सगळे वीकेंडला शूटिंग रेंजला जातात. आता टेक्ससमध्ये लायसन्स लागतच नाही तर मी पण एक घ्यावं म्हणतोय. कुठे बोर्ड असतील तिथे नेणार नाही. चालेल ना?

उत्तर : बाळा, थांब. एकदम थांब. हे उत्तर बाकी कुणी नाही वाचलं तरी चालेल, व्हिसावाल्यांनी वाचा.

राज्याने लायसन्स काढून टाकलं ते ‘ज्याला मनाई नाही’ अशा माणसासाठी. तुला मनाई आहे, आणि ती टेक्ससची नाही, फेडरल आहे, म्हणजे अख्ख्या अमेरिकेची. नॉन-इमिग्रंट, म्हणजे ठरावीक काळापुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूकही बाळगायची नाही आणि गोळ्याही नाहीत. एच-वन, एच-फोर, एफ-वनवरची पोरं, एल-वन, फिरायला आलेले बी-टूवाले, सगळे यात आले. शिकारीचं वैध लायसन्स असलं तर सूट आहे, असे काही अपवाद कायद्यात आहेत, पण त्या फटीतून जायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे दे, मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नको. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत आहे. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. रेंजवर मित्राची हातात घेतलीस, दोन राउंड मारलेस, वर फोटो टाकलास, तर पुरावा तूच तयार करून दिलास. तुझं सगळं गणित ग्रीन कार्डवर अडकलेलं आहे आणि तू फोटोसाठी हे करणार?

ग्रीन कार्डवाल्यांना बाळगता येतं. पण त्यांनाही सांगते, बंदुकीच्या कायद्याखालची शिक्षा ही डिपोर्ट करायला पुरेसं कारण ठरते, मग गुन्हा मोठा असो नाहीतर सिटिझनच्या दृष्टीने किरकोळ. त्यामुळे सिटिझन मित्र ज्या बोर्डाकडे ‘दोनशे डॉलरच आहेत ना’ म्हणून कानाडोळा करतो त्याकडे तुम्ही करू नका.

आणि याच ओघात, ज्यांचं दुकान एल-वनवरच्या माणसाच्या ताब्यात आहे आणि आधीच्या मालकाने गल्ल्याखाली ‘राहू दे उपयोगी पडेल’ म्हणून काहीतरी ठेवून दिलंय, त्यांनी ते आज काढायचं, उद्या नाही. स्वतः हात न लावता, वकिलाला विचारून.

प्रश्न : आमच्या मंडळाचा गणेशोत्सव आणि शिवजयंती दोन्ही भाड्याच्या हॉलमध्ये होतात, कधी शाळेचं ऑडिटोरियम, कधी सिटीचं कम्युनिटी सेंटर, कधी मंदिराचा हॉल. हजारभर माणूस येतं. कमिटीत दोन तट पडलेत, बोर्ड लावायचे की नाही. (डॅलस)

उत्तर : कमिटीत दोनच तट असतील तर मंडळ फारच चांगलं चाललंय! जागेप्रमाणे सांगते, कारण उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

शाळा असेल तर तुमच्या बोर्डाची गरजच नाही, शाळेच्या इमारतीत हत्यार नेणं राज्याच्या कायद्यानेच गुन्हा आहे, रविवार असो, हॉल तुम्ही भाड्याने घेतलेला असो, इमारत शाळेचीच राहते. स्वागताच्या टेबलावर एक कागद लावा की ही शाळेची इमारत आहे, पिस्तूल गाडीत कुलपात ठेवा. पण शिवजयंतीवाल्यांनो, इथे तुमचीच पंचाईत आहे. टेक्ससमध्ये २०१७ पासून साडेपाच इंचांपेक्षा मोठं पातं असलेली सुरी, तलवार एरवी बाळगता येते, पण काही ठरावीक जागी नाही, आणि त्या यादीत शाळा आहे. म्हणजे दांडपट्ट्याचं प्रात्यक्षिक खऱ्या पात्याने करायचं, महाराजांच्या एन्ट्रीला कुणीतरी पुण्याहून आणलेली खरी तलवार उपसायची, हे शाळेच्या स्टेजवर नाही. शाळेकडून लेखी परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी, ती आधी मागा, नाहीतर लाकडी किंवा पुठ्ठ्याची चंदेरी रंगवलेली वापरा, तिसऱ्या रांगेतून कुणाला कळत नाही. बंदुकीवरून भांडताय तुम्ही, पण पोलीस आलेच तर या तलवारीवरून येतील.

सिटीचं कम्युनिटी सेंटर : सरकारी मालकीच्या जागेत सरकारने लायसन्सवाल्याला अडवणारा ३०.०६ चा बोर्ड लावायचा नाही, कायद्याने आधीच बंदी असलेल्या जागा सोडून. २०१५ पासून असा चुकीचा बोर्ड लावणाऱ्या सरकारी खात्याला दिवसाला १००० ते १५०० डॉलर आणि पुन्हा केलं तर दिवसाला १०,००० च्या वर दंड लागू शकतो. मग तीच जागा खाजगी संस्थेने भाड्याने घेतली तर? यावर केवढी मोठी मारामारी झाली ती तुमच्याच गावात झाली. टेक्ससचा स्टेट फेअर, म्हणजे राज्याची मोठी जत्रा, डॅलस सिटीच्या फेअर पार्कात भरतो, चालवते खाजगी ना-नफा संस्था. २०२३ च्या फेअरमध्ये गोळीबार होऊन तीन जण जखमी झाले, म्हणून २०२४ ला संस्थेने बंदुकांना बंदी केली. अॅटर्नी जनरल केन पॅक्सटन कोर्टात गेले की सिटीच्या जागेत ही बंदी चालणार नाही. फेअर सुरू व्हायच्या तोंडावर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बंदी थांबवायला नकार दिला आणि त्या वर्षी बंदी राहिली. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे खजिनदार आहे. तेव्हा सिटीचा हॉल घेताना भाडेकरारात काय लिहिलंय ते सिटीलाच विचारा आणि स्वतःच्या अकलेने बोर्ड ठोकू नका.

मंदिर : इथे पुष्कळांचा समज जुना आहे की देवळात-चर्चमध्ये कायद्यानेच बंदी आहे. २०१९ ला तो उल्लेखच काढून टाकला. नोव्हेंबर २०१७ ला सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ जण मारले गेले, त्यानंतर वारं फिरलं. आणि कायदा बदलून चारच महिने झाले होते तेव्हा, २९ डिसेंबर २०१९ ला, फोर्ट वर्थजवळ व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये बंदूकवाला उठला, त्याने दोघांना मारलं आणि काही सेकंदांत चर्चच्याच एका सशस्त्र स्वयंसेवकाने त्याला पाडलं. या एका घटनेवरून दोन्ही बाजूंचे लोक अजून वाद घालतात. सांगायचा मुद्दा, मंदिर आता साध्या खाजगी जागेसारखं धरलं जातं. विश्वस्तांना नको असेल तर त्यांनी बोर्ड लावायचा किंवा तोंडी सांगायचं, तुम्ही भाडेकरूंनी परस्पर ठरवायचं नाही, आधी त्यांना विचारा.

आणि एक युक्ती, कमी लोकांना माहिती आहे. ३०.०६ चं ते वाक्य बोर्डावरच पाहिजे असं नाही, हातात दिलेल्या कार्डावर किंवा कागदावर जसंच्या तसं छापलेलं असलं तरी ती नोटीस धरली जाते. म्हणजे खाजगी हॉल असेल आणि मालकाची संमती असेल तर प्रवेशाच्या पासवर, जिथे तुम्ही ‘चपला व्यवस्थित ठेवाव्यात’ छापता, तिथेच हे छापा. दारावरचा हार, तोरण, फलक यांच्यात मोठा काळा बोर्ड कसा दिसेल यावरून जी अर्धी कमिटी नाराज आहे ती पण गप्प बसेल. शिवाय हजारभर माणूस येणार तर एक ऑफ-ड्यूटी पोलीस भाड्याने घ्या. त्याचे पैसे मोदकांच्या बजेटमधून काढा नाहीतर साउंडवाल्याच्या, पण घ्या. स्वयंसेवकांना टी-शर्ट देऊन सिक्युरिटी म्हणून उभं करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : हायवेवर आमचं मोटेल आहे (हो, मोटेलवाले सगळे पटेलच नसतात!). हरणांच्या सीझनला शिकारी येतात, रायफली घेऊन लॉबीतून जातात. लॉबीत बोर्ड लावून बंद करू का?

उत्तर : लावाल, पण राहायला आलेल्या पाहुण्याला त्याने अडवता येणार नाही. २०२१ च्या कायद्याने हॉटेलच्या पाहुण्याला आपली बंदूक खोलीत ठेवायचा आणि गाडीतून खोलीपर्यंत सरळ न्यायचा हक्क आहे. न्यायची कशी, म्हणजे बंद पेटीत, केसमध्ये वगैरे, याचे माफक नियम तुम्ही करू शकता. तुमच्याकडे राहत नसलेला, नुसता ब्रेकफास्टच्या खोलीत येऊन बसलेला माणूस असेल तर त्याला बोर्ड लागू. शिकाऱ्यांशी वाकड्यात शिरू नका, सीझनला तेच खोल्या भरतात. चेक-इनला हसून एक छापील चिठ्ठी द्या की बंदूक रिकामी आणि केसमध्ये, लॉबीत उघडायची नाही, सफाईच्या वेळी बिछान्यावर टाकून जायची नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, खोली साफ करायला जाते ती बाई काय तिथे गोळ्या मोजायला जाते का.

प्रश्न : ऑफिसच्या दारावर तिन्ही बोर्ड आहेत तरी शेजारच्या क्युबिकलवाला पार्किंगमधल्या गाडीत पिस्तूल ठेवतो. एचआरला सांगू का? (प्लेनो)

उत्तर : सांगून उपयोग नाही. २०११ पासून टेक्ससमध्ये कंपनीला, काही अपवाद सोडले तर, नोकराच्या कुलूपबंद गाडीतल्या कायदेशीर बंदुकीला मनाई करता येत नाही. इमारतीत आणलं तर सांगा.

प्रश्न : हे सगळं टेक्ससचं. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो, बहीण मिनिआपोलिसला, भाऊ एडिसनला. आमच्याकडे कसं?

उत्तर : प्रत्येक राज्याचं खूळ वेगळं. तुमच्या इलिनॉयमध्ये टेक्ससच्या बरोब्बर उलटं आहे, तिथे वाक्य नाही, चित्रच पाहिजे : चार बाय सहा इंच, पांढऱ्यावर काळं पिस्तूल, लाल गोल आणि तिरकी काट, राज्य पोलिसांनी ठरवलेलं. म्हणजे आयर्व्हिंगच्या दादांचा स्टिकर चुकीच्या राज्यात लागलाय असं म्हणा. लपवून बाळगायची परवानगी देणारं इलिनॉय हे शेवटचं राज्य, तेही २०१३ ला, फेडरल कोर्टाने दट्ट्या दिल्यावर. आणि टेक्ससचं लायसन्स तिथे चालत नाही, तेव्हा डॅलसहून कुणी पाहुणा गाडी हाकत येणार असेल तर आधीच कानावर घाला.

बहिणीच्या मिनेसोटाने तर कमाल केलीय. बोर्डाचा टाइप, म्हणजे फाँट, एरियलच पाहिजे असं कायद्यात लिहिलंय! अक्षरं दीड इंची, दारापासून चार फुटांच्या आत, आणि बोर्डाची खालची कड जमिनीपासून चार ते सहा फुटांवर. एवढं सगळं मोजून लावलं आणि तरी कुणी सांगूनही गेला नाही तर पहिल्या खेपेला दंड किती, तर जास्तीत जास्त २५ डॉलर. डाउनटाउनच्या पार्किंगला त्याहून जास्त जातात हो.

भावाच्या न्यू जर्सीचा प्रश्न मुळातूनच वेगळा. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या केसमध्ये पिस्तूल बाळगायचा हक्क घराबाहेरही आहे असा निकाल दिला, त्यावर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, हवाई या राज्यांनी गोष्ट उलटी फिरवायचा प्रयत्न केला, की मालकाने ‘चालेल’ असं सांगितलं असेल तरच खाजगी दुकानात पिस्तूल न्यायचं, नाहीतर नाही. म्हणजे नको असणाऱ्याने बोर्ड लावण्याऐवजी चालत असणाऱ्याने लावायचा. दुकानदार म्हणून मला हे जास्त पटतं, गप्प बसलेल्याचा अर्थ ‘ये’ असा का धरायचा? पण कोर्टांनी यातल्या बऱ्याच ठिकाणी खोडा घातला आणि हवाईची केस २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुनावणीला घेतली. तेव्हा एडिसनच्या भावाने दुकानात काय लावायचं ते तिथल्या वकिलाला विचारूनच, आणि दर वर्षी पुन्हा विचारून.

प्रश्न : माझे वडील सातारचे, फौजेतून रिटायर्ड. त्यांच्याकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर आहे, अख्ख्या भारतासाठी चालणारा परवाना आहे. सहा महिने आमच्याकडे यायचेत. म्हणतात, तिकडे तर सगळेच घेऊन फिरतात, मग माझ्या परवान्यावर मला का नाही? आणायची नाही हे मी सांगितलंय, पण इथे आल्यावर माझी वापरू शकतील का? मी सिटिझन आहे. (सॅन अँटोनियो)

उत्तर : नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला तो परवाना तिथला, इथे त्याला काडीची किंमत नाही, आणि बाबा बी-टूवर येणार म्हणजे वर एच-वनच्या मुलाला जे सांगितलं तेच त्यांना. तुमची तिजोरी त्यांच्या हाती देऊ नका, किल्लीसुद्धा नको, ते घरात एकटे असताना तर अजिबात नको. फौजेतल्या माणसाला हे ऐकायला जड जाईल, पण त्यांना सांगा की निवडणूक आली की पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायला सांगतात तेव्हा करताच ना, तसं धरा, सहा महिन्यांची आचारसंहिता.

आणि रिव्हॉल्व्हर घरी ठेवून येण्याइतकंच दुसरं एक काम आहे. ते कुठली बॅग घेऊन येणार ते विचारा. शेतावर जाताना न्यायची जुनी रेक्झिनची किंवा कॅनव्हासची असेल तर तीच नका आणू म्हणावं, नवी घ्या. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एखादं विसरलेलं काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये निघालं की विमान राहतं बाजूला आणि शस्त्र कायद्याखाली चौकशी सुरू होते, आणि परवाना आहे म्हणून तो दाखवायला जावं तर कागद साताऱ्याच्या कपाटात.